मुके ठोके

उतारवयांत कांहीं नवें शिकावें असें एखाद्यानें बोलून दाखविलें, म्हणजे आप्तमंडळी प्रथम गीतेचें नांव सुचवितात, नंतर उपनिषदांचें. आणि एखादा स्नेही फारच उदार अंतःकरणाचा निघाला तर तो बाजाच्या पेटीपर्यंत येतो. आम्हीं गेल्या वर्षीं जें शिकावयास घेतलें तें यांपैकीं कांहींच नव्हे. तो राग नाहीं, अखंड गाणें नाहीं, सबंध तालहि नाहीं. ढोलकीवरचा सोळा ठोक्यांचा एक तुकडा. अडीच सेकंदांत संपणारा. एवढ्याशा वस्तूसाठीं पेन्शनर माणसानें चौदा महिने वेंचावे काय, हा प्रश्न आमच्या घरांत अनेकवार निघून गेला आहे. वाचकांच्या घरांत तो निघाला तरी आमची ना नाहीं. मात्र निर्णय देण्यापूर्वीं हकीकत ऐकून घ्यावी, एवढीच विनंति.

आमचा वाडा जुन्नरास, परंतु मास्तरकीचीं बहुतेक वर्षें शेजारच्या आंबेगांव तालुक्यांत गेलीं. आमचें शिक्षण जुन्या अकरावी मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत तेवढें वडिलांपुढें बसून झालेलें. १९९४ सालीं आम्ही मंचर-घोडेगांव बाजूच्या एका खेड्यांत होतों. तेथील चैत्री यात्रेंत दिवसां बैलगाड्यांच्या शर्यती व रात्रीं तमाशा, हा क्रम ठरलेला. फडाची कनात शाळेच्या पटांगणांत लागे आणि आमची बिऱ्हाडाची खोली त्या पटांगणाच्या कडेला होती. तेव्हां आम्ही तमाशास गेलों असें म्हणण्यापेक्षां तमाशाच आमच्या दारीं आला, असें म्हणणें अधिक खरें होईल. ज्यांनीं तमाशा पाहिला आहे त्यांस ठाऊक असेल कीं, गणाला प्रारंभ होण्यापूर्वीं ढोलकीवाला व हलगीवाला यांचा एक सामना होतो. जाळावर शेकून हलगी कडक केलेली असते. ढोलकी कमरेस बांधून वाजविणारा उभा असतो. शब्द नाहीं, नाच नाहीं, नुसतें कातडें बोलत असतें. त्या रात्रीं हलगीच्या एका सरबत्तीस उत्तर म्हणून ढोलकीवाल्यानें एक तुकडा टाकला. शिट्या मारणारीं पोरें क्षणभर गप्प झालीं, मग एकच आरडाओरड उठली, आणि लोकांनीं त्याच्याकडून तो पुनःपुन्हां वाजवून घेतला. आम्हीं तो पांच-सहा वेळां ऐकला. पुढें तीस वर्षें तो डोक्यांतून गेला नाहीं. वर्गांत पाढे चालले असतां आमचीं बोटें टेबलावर तो शोधीत बसत. ठोके मोजून बरोबर येत, क्रमहि बरोबर येई, आणि तरी जें वाजे तें तो तुकडा नसे. शुद्धलेखन अचूक, पण हस्ताक्षर परक्याचें, असा तो प्रकार होता.

मग जाणत्याकडे जाऊन शिकला कां नाहीं, असें कोणी विचारील. आमच्या वाड्यांत तबला होता. एकादशीच्या भजनास तो सोप्यांत निघे, आणि गांवांत कीर्तनकार आले म्हणजे त्यांच्या साथीस जाई. ढोलकी मात्र उंबऱ्याच्या आंत कधीं आली नाहीं. वास्तविक दोहोंस कातडेंच लागतें, दोहोंस शाई लागते, दोन्ही सुरांत लावावीं लागतात. फरक होता तो वाजविणाऱ्याच्या जातीचा, आणि हें घरांत कोणी मोठ्यानें म्हणत नसे. वडिलांच्या हयातींत तो विषय निघण्यासारखा नव्हता. पुढें नोकरी, बदल्या आणि मुलांचीं लग्नें यांत तो काढण्यास कोणास सवड होती!

त्याला पुन्हां चालना मिळाली ती एका गिटारीमुळें. पुतण्याचा मुलगा इंजिनियरिंगच्या शिक्षणासाठीं पुण्यास असतो. दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत त्यानें तें वाद्य घरीं आणलें आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर एकच तुकडा घासण्यास आरंभ केला. चौकशी करतां कळलें कीं, अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं १९८३ सालीं निघालेला 'रेड हॉट चिली पेपर्स' नांवाचा एक ताफा आहे. त्याच्या १९९१ सालच्या ध्वनिमुद्रिकेंतील 'गिव्ह इट अवे', म्हणजे 'देऊन टाक', या गाण्यांतला तो तुकडा. ताफ्याच्या नांवाचा अर्थ ऐकून वहिनींनीं, हें गाणें आहे कीं मिरचीचें वाण, असें विचारलें. आम्हांस मात्र त्या मंडळींविषयीं एका कारणानें आपुलकी वाटली. ती ध्वनिमुद्रिका तयार करतांना ते एका जुन्या प्रशस्त वाड्यांत एकत्र राहिले होते. तालवाला तेवढा रात्रीं आपल्या घरीं जाई, कारण त्या वाड्यांत भूत आहे अशी बोलवा होती. एकत्र कुटुंबांत असा एक तरी असतोच. गिटार वाजविणारा जॉन फ्रुशान्टे त्या वेळीं अवघा एकवीस वर्षांचा होता. म्हणजे आमच्या नातवाच्याच वयाचा.

नातवाची तक्रार आमच्या चांगल्याच ओळखीची निघाली. "आजोबा, सगळं बरोबर वाजतंय, पण ते ते नाहीये." त्याच्यापुढें एक छापील कागद होता. गिटारीच्या सहा तारा म्हणून सहा आडव्या रेघा, आणि कोणत्या तारेवर कितव्या घरांत बोट दाबावें तें सांगणारे आंकडे. मध्यें मध्यें फुल्या. फुली आली कीं तो हात थांबवी आणि पुढच्या आंकड्याची वाट पाही. फुली म्हणजे चुकलें, तें सोडून द्यावयाचें, असें शाळेंत दहा वर्षें शिकलेल्या मुलाकडून दुसरी अपेक्षा काय करणार? मग त्यानें मूळ वादकाचें चलच्चित्र गति कमी करून आम्हांस दाखविलें. आम्हांस त्यांतील संगीत कळलें नाहीं, पण हात पाहण्याची संवय मास्तराला असतेच. त्या वादकाचा उजवा हात एकदांहि थांबत नव्हता. वर-खाली, वर-खाली, चरक्याच्या दांड्यासारखा. फुलीच्या जागीं डाव्या हाताचीं बोटें तारांवरून उचललेलीं नसत. नुसतीं टेकलेलीं असत, दाबलेलीं नसत. त्यामुळें तेथें स्वर न उमटतां 'खस्' असा एक कोरडा आवाज होई. म्हणजे फुली ही रिकामी जागा नव्हती. तेथें ठोका पुरा मारावयाचा आणि स्वर तेवढा द्यावयाचा नाहीं.

या पद्धतीस तिकडे 'फंक' म्हणतात, आणि तिची परंपरा अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांची. जेम्स ब्राउन हा गवई १९६५ च्या सुमारास तिला पुढें घेऊन आला. त्याच्या ताफ्यांतील जिमी नोलन हा अशा खसखसणाऱ्या हातासाठीं प्रसिद्ध होता. ब्राउनचा आपल्या वादकांस एकच धोशा असे, कीं आवर्तनाचा पहिला ठोका ठाम पडला पाहिजे, मग मधल्या जागेंत काय वाटेल तें करा. आपल्याकडे ज्यास सम म्हणतात तीच ही गोष्ट.

आम्हीं पाटी घेतली आणि तिच्यावर एका ओळींत सोळा घरें आंखलीं. स्वर वाजतो तेथें दंड काढला, फुली असेल तेथें टिंब दिलें, पण घर एकहि रिकामें ठेविलें नाहीं. वृत्तें शिकवितांना आम्हीं जन्मभर लघु-गुरूंच्या खुणा केल्या आहेत. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चरण संपला कीं मोजणी संपली. यतीच्या जागीं थांबावें असें सांगतों, पण त्या थांबण्यास मात्रा देत नाहीं. येथें उलटें होतें. मौनालाहि मात्रा होती, आणि ती हातानें भरावी लागत होती. नातवास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं स्वरांचें तूर्त विसर. सोळाहि घरें मुकीं वाजव, आणि तीं सारखीं पडूं लागलीं म्हणजे एकेका घरांत स्वर ठेव. चार दिवस वाड्यांत नुसतें खस्-खस् चाललें होतें. आमच्या कुटुंबानें दुसऱ्या दिवशींच विचारलें, "खोबरं किसताय का दोघं?" पांचव्या दिवशीं तो तुकडा थोडासा बोलूं लागला, आणि त्या रात्रीं आम्हीं अंथरुणांत पडल्या पडल्या मांडीवर यात्रेंतला तुकडा त्याच रीतीनें वाजवून पाहिला. ज्या जागा आजवर सोडून देत होतों तेथें बोट नुसतें टेकविलें. अर्धाअधिक सांपडला.

उरलेला अर्धा मांडीवर सांपडण्यासारखा नव्हता. जुन्नराहून सुमारें पंधरा किलोमीटरवर पुणें-नाशिक रस्त्यास नारायणगांव आहे, आणि त्याला तमाशाची पंढरी म्हणतात हें पुष्कळांस ठाऊक असतें. फाल्गुन-चैत्रांत फडांचे मालक तेथें राहुट्या टाकून बसतात, आणि गांवोगांवचे पंच येऊन आपापल्या यात्रेची सुपारी देऊन जातात. भाऊ-बापूंचा फड याच गांवचा. विठाबाई नारायणगांवकर यांनीं येथूनच महाराष्ट्रभर नांव केलें. त्या २००२ सालीं वारल्या, आणि त्यांच्या नांवानें राज्यसरकार तमाशा-कलावंतांस दरवर्षीं जीवनगौरव पुरस्कार देतें. याच परिसरांत खोडद येथें, आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या प्रचंड दुर्बिणीच्या तबकड्या आहेत; एकंदर तीस, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. जुन्नरांतील शाळा मुलांस त्या दाखवावयास नेतात, आणि तें योग्यच आहे. राहुट्यांकडे मात्र कोणती शाळा सहल नेत असल्याचें आम्हीं पाहिलेलें नाहीं.

गेल्या वर्षींच्या चैत्रांत आम्ही तेथें गेलों. एका राहुटींत चौकशी करतां, अनेक वर्षें फडांत वाजवून आतां घरीं बसलेल्या एका वृद्ध ढोलकीवाल्याकडे आम्हांस पाठविण्यांत आलें. सारे त्यांस वस्ताद म्हणतात. आम्हीहि तेंच म्हणतों. आम्हीं जमिनीवर बसावें हें त्यांस रुचेना, आणि त्यांनीं खाटेवर बसून शिकवावें व आम्हीं खालीं बसून शिकावें, याखेरीज दुसरी रीत आम्हांस माहीत नव्हती. शेवटीं दोघेहि सतरंजीवर बसलों. आम्हीं तो तुकडा तोंडानें म्हणून दाखविला. ते हंसले. "गुरुजी, हे समदेच वाजवत्यात. पन तुमी ऐकला तो हात पक्का व्हता."

दक्षिणा त्यांनीं पहिल्याच दिवशीं ठरवून घेतली. फुकट शिकविणें त्यांस परवडणारें नाहीं, आणि फुकट शिकणें आम्हांस शोभणारें नाहीं. विलायती गाण्याचें नांव 'देऊन टाक' असलें तरी विद्या अशी देऊन टाकावयाची नसते.

पहिला महिना ढोलकीस हात लावूं दिला नाहीं. लांकडी फळीवर सोळा ठोके, घड्याळाच्या टिकेस दोन या हिशोबानें. म्हणजे आठ सेकंदांत एक फेरा. एकहि ठोका मोठा नको, एकहि गाळावयाचा नाहीं. "हात थांबला की गाडी पडली," हें त्यांचें वाक्य आम्हीं रोज ऐकलें. पुढें ढोलकी हातीं आली तेव्हां कळलें कीं ती तबल्याहून फार वेगळी बाई आहे. उजव्या अंगाचें तोंड लहान, त्यावर शाई, आवाज चढा आणि टणत्कारी. बोट जरा आडवें पडलें तरी चहाडी करतो. डाव्या अंगाचें तोंड मोठें, तेथें घुमारा. आणि तळहाताची टांच त्या कातड्यावरून पुढें घासली म्हणजे तो घुमारा खालून वर चढतो. यात्रेंतल्या तुकड्यांतील जी जागा आम्हांस तीस वर्षें सांपडली नव्हती ती हीच. आम्ही तेथें ठोका शोधीत होतों, आणि तेथें ठोका नव्हताच. आधींचा घुमारा घासत नेऊन तो त्या घरावरून पलीकडे पोंचविलेला होता. हें कोणत्या कागदावर कसें लिहावें? संस्कृतांत अवग्रहाची खूण आहे, लोपलेल्या स्वराची जागा दाखविणारी. आम्हीं आमच्या पाटीवर त्या घरांत अवग्रह काढला. वस्तादांनीं तो निरखून पाहिला आणि हा आंकडा कितीचा म्हणून विचारलें.

घरीं ढोलकी आणली त्या दिवशीं दादा, म्हणजे आमचे वडील बंधु, एवढेंच म्हणाले, "नाना, देवघराच्या भिंतीपासून लांब." दादांचें वय अठ्ठ्याहत्तर; वाड्यांत त्यांचा शब्द शेवटचा असतो. ढोलकी पडवींत राहिली. तक्रारीस जागा नव्हती, पण विचारास होती. आमच्या घरांत सोलापूरच्या राम जोश्यांचीं पदें पाठ म्हणणारीं माणसें होऊन गेलीं. ते संस्कृतज्ञ ब्राह्मण, खुद्द मोरोपंतांनीं त्यांचा गौरव केला, हें सारें अभिमानानें सांगितलें जाई. त्यांनीं तीं पदें कोणाच्या ढोलकीवर म्हटलीं, हें सांगितलें जात नसे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे रेठरे हरणाक्षचे कुळकर्णी. त्यांनीं तमाशाचा फड उभा केला आणि महार समाजांतील पवळाबाईंची साथ धरली, त्याबद्दल स्वजातीनें त्यांस दूर लोटलें. पुढें त्यांच्या लावण्या ग्रामोफोनवर घरांत आल्या. शब्द आंत घ्यावयाचे आणि ढोलकी बाहेर ठेवावयाची, ही युक्ति आमच्या वर्गास फार जुनी साधली आहे, असें आमचें मत झालें आहे. तें पुष्कळांस आवडणार नाहीं.

मागच्या दिवाळींत नातू घरीं येणार होता, तेव्हां वस्तादांस वाड्यावर जेवावयास बोलवावें असें आम्हीं ठरविलें. आदल्या रात्रीं, पान कोठें मांडावयाचें यावरून घरांत थोडी कुजबुज झाली. हल्लींच्या काळीं कोणी तोंडानें नाहीं म्हणत नाहीं. 'पडवींत हवा चांगली येते' असें म्हणतात. वहिनी पोळ्यांची कणीक मळीत होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "घरी गुरु आले तर पाट कुठं मांडायचा, हे विचारायचं असतं का?" दादा पंचांग पाहात होते. त्यांनीं पान उलटलें, बोलले कांहीं नाहींत.

दुसऱ्या दिवशीं वस्ताद एस्टीनें आले आणि चपला बाहेरच्या दिंडीपाशीं काढून अंगणांत उभे राहिले. "हितंच बरं हाय गुरुजी," म्हणाले. आम्ही कांहीं बोलण्यापूर्वीं दादा झोपाळ्यावरून उठून पायऱ्या उतरले, नमस्कार केला, आणि "आंत चला, पानं मांडलीं आहेत" म्हणाले. पंगत माजघरांत झाली. दादांच्या उजव्या हातास वस्ताद, डाव्या हातास आम्ही. जेवतांना बोलणें पावसापाण्याचें आणि टोमॅटोच्या भावाचें झालें. यापेक्षां अधिक कांहीं घडलें असें सांगणें अतिशयोक्तीचें होईल. एका पंगतीनें दोन-तीनशें वर्षें पुसलीं जात नाहींत, आणि वस्तादांच्या मनांत त्या वेळीं काय चाललें होतें तें विचारण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

जेवणानंतर नातवानें आपला तुकडा वाजविला. वस्तादांनीं डोळे मिटून तीन वेळां ऐकला, चौथ्या वेळीं मांडीवर ठोका धरला, आणि ढोलकी मागितली. गिटारीच्या ज्या घरांत खस् होई तेथें ढोलकी बोले, आणि ढोलकी जेथें दबे तेथें तार. नातवाचें तोंड असें झालें होतें कीं त्याला हंसावें कीं मोजावें तें कळत नव्हतें. मध्येंच त्याचा हात अडखळला. वस्तादांनीं थांबूं न देतां नुसत्या मानेनें सम दाखविली आणि तो परत बसला. दादा आंतल्या खोलींत होते. तेथून त्यांचा प्रश्न आला: "तो सातवा वाजला का नाहीं?" वस्ताद म्हणाले, "न्हाई वाजला दादा. पन मारला व्हता." म्हणजे दादा आंत बसून घरें मोजीत होते! आम्हीं नातवाकडे पाहिलें नाहीं, कारण पाहिलें असतें तर दोघांसहि हंसूं आवरलें नसतें.

आमचा सराव रोज चाळीस मिनिटांचा, दुपारच्या चहापूर्वीं. उजव्या हाताचें मधलें बोट संध्याकाळीं ठणकतें. वस्तादांच्या मतें तें ठणकणें चांगलें आणि मनगटाचें वाईट. सध्यां सोळा ठोके चार सेकंदांत बसतात. यात्रेंतला वेग अडीचचा होता, तेव्हां दीड सेकंद अजून उरला आहे, आणि हा दीड मागच्या चारांहून लांब आहे. अवग्रहाचें घर साधतें. पण त्याच्या पुढचें, बारावें, घाईंत मोठें पडतें. तें मुकें राहिलें पाहिजे.

आषाढ लागल्यापासून ढोलकी बंद आहे. पावसाळी हवेनें कातडें सैल पडतें, कड्या ओढूनहि सूर टिकत नाहीं. पडवींत ओल फार, म्हणून दादांनीं ती मोलकरणीकडून उचलवून, जुन्या धोतरांत गुंडाळून, देवघराच्या भिंतींतल्या फडताळांत ठेवविली. वाड्यांत कोरडी अशी तेवढीच भिंत आहे. तोंवर आम्ही फळीवर वाजवितों. नातू दिवाळीस येईपर्यंत बारावें घर पुरें करण्यास वस्तादांनीं सांगितलें आहे.